पायांनी इतिहास वाचणारे गोनीदा

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड सोडते, बेगडेवाडी आणि घोरावाडी ही दोन लहान स्थानके मागे टाकते आणि तळेगावला येऊन थांबते. प्रवास काही मिनिटांचाच. पण या टापूतले डोंगर साधे नव्हेत. भंडारा, भामचंद्र आणि घोरावडा हे तुकोबांच्या एकांताचे तिन्ही डोंगर इथलेच. एका अंगाला इंद्रायणी देहू आणि आळंदीकडे वाहत जाते. दुसऱ्या अंगाला पवन मावळ, आणि त्याच्या माथ्यावर लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना अशी किल्ल्यांची रांग. संतांची नदी आणि शिवरायांचे गड यांच्या बरोबर मधोमध वसलेले तळेगाव दाभाडे गोपाल नीलकंठ दांडेकर यांनी घर करण्यासाठी निवडले. भारतभर पायी हिंडलेल्या माणसाला मुक्कामासाठी हीच जागा योग्य वाटावी, यात नवल नाही.

महाराष्ट्र त्यांना गो. नी. दांडेकर किंवा नुसते गोनीदा म्हणून ओळखतो. कादंबरीकार म्हणून त्यांची ख्याती एवढी मोठी की, आरंभी मुलांसाठी लिहून त्यांनी लेखणीला वळण लावले, ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. शंभराहून अधिक पुस्तकांच्या त्यांच्या संसारात कुमारांसाठीच्या लेखनाला, इतिहासकथांना, संतचरित्रांना आणि पुराणकथांच्या सुबोध कथनाला फार मोठी जागा आहे. पुढच्या काळातील त्यांच्या थोर ऐतिहासिक कादंबऱ्यांचे मूळही तिथेच शोधावे लागते.

गोनीदांचा जन्म 8 जुलै 1916 रोजी अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचा. शाळा जेमतेम सातवीपर्यंत झाली. महात्मा गांधींच्या चळवळीने देश ढवळून निघाला होता आणि त्या हाकेने अनेक घरांतली मुले बेचैन झाली होती. बारा-तेरा वर्षांच्या गोपाळने एक दिवस शाळा आणि घर दोन्ही सोडले. स्वातंत्र्यासाठी निघालेला हा मुलगा पुन्हा वर्गाच्या बाकावर कधी बसला नाही. पुढची कित्येक वर्षे त्याची शाळा रस्त्यावर भरत होती, आणि या शाळेतले गुरुजन पदवीधर नव्हते.

त्यांतील सर्वांत प्रभावी गुरू म्हणजे गाडगे महाराज. गोनीदा त्यांच्या सहवासात राहिले, त्यांच्याबरोबर हिंडले. हातात खराटा घेऊन गाव झाडणारा आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारून विचारून बोलते करणारा हा वऱ्हाडी संत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांनी गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. जडबोजड शब्द न वापरता, समोरच्याच्या बोलीत, त्याच्याच रोजच्या जगण्यातले दाखले देत मोठी गोष्ट गळी कशी उतरवावी, याचा वस्तुपाठ गाडगेबाबांच्या कीर्तनात होता. लहान मुलांसाठी लिहिणाऱ्याला याहून चांगले शिक्षण कुठल्या विद्यालयात मिळाले असते? गोनीदांनी पुढे बाबांचे चरित्रही लिहिले.

मग आळंदी. तिथे त्यांनी ज्ञानेश्वरीचा अभ्यास केला, वेदान्ताचे पाठ घेतले. मग नर्मदा परिक्रमा, जिच्या अनुभवातून पुढे 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही विलक्षण कादंबरी आली. औंधला पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या स्वाध्याय मंडळात त्यांनी काम केले. वेदसंहितांच्या शुद्ध आवृत्त्यांसाठी आयुष्य वेचणाऱ्या त्या व्यासंगी पंडिताच्या सहवासात संस्कृताचे आणि ग्रंथांचे संस्कार झाले. पुढे काही काळ ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यातही होते. एकाच तरुणाच्या वाट्याला गांधींची चळवळ, गाडगेबाबांचा खराटा, आळंदीची ओवी, औंधचे वेदपठण आणि संघाची शाखा असा इतका विरोधी अनुभव यावा, हे त्या पिढीतही विरळाच. या भटकंतीचा पट त्यांनी 'स्मरणगाथा' या आत्मकथनपर पुस्तकात मांडला आणि त्यास 1976 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

देश स्वतंत्र झाला त्या 1947 साली गोनीदांनी ठरवले की, यापुढे केवळ लेखनावर जगायचे. हा निर्णय धाडसाचाच म्हणावा लागेल. मराठीत नामवंत लेखकही बहुधा प्राध्यापक, शिक्षक, वकील किंवा सरकारी नोकर असत. लेखन हा फावल्या वेळेतला उद्योग. गोनीदांपाशी सातवीच्या पुढचे प्रमाणपत्रच नव्हते. त्यामुळे मागे वळायला वाटही नव्हती. अशा माणसाने लिहायचे काय? ज्याला खात्रीचा वाचक आहे, शाळा-शाळांतून, ग्रंथालयांतून ज्याला मागणी आहे, ते. मुलांसाठी लिहिणे हे त्या काळी पोट भरण्याचे साधन होते, आणि गोनीदांनी ते कधी कमीपणाचे मानले नाही. 'आईची देणगी' हे त्यांचे मुलांसाठीचे पुस्तक नावापासूनच त्यांची दृष्टी सांगते: गोष्ट ही आईने द्यायची ठेव आहे, परीक्षेसाठी पाठ करायचा धडा नव्हे.

मराठी मुलांना इतिहास गोष्टीरूपाने सांगण्याची परंपरा तशी जुनी. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 मध्ये 'बालबोध' मासिक सुरू केले आणि आयुष्यभर देशोदेशींच्या थोरांची चरित्रे सोप्या भाषेत लिहून काढली. हरि नारायण आपटे आणि नाथमाधव यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांवर तर मुलांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. या पूर्वसूरींनी मोठे काम केले. पण त्यांचा इतिहास बहुतेक दरबारात, तंबूत किंवा रणांगणावर घडे. गोनीदांनी त्याला वाडीवस्तीवर नेले. शिवाजी महाराज त्यांच्या कादंबऱ्यांत आहेतच, परंतु गोष्ट पुष्कळदा घडते ती एखाद्या मावळ्याच्या ओसरीवर, एखाद्या कोळ्याच्या पडावात, नाचणीच्या खाचरात. 'बया दार उघड', 'हर हर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंझार माची' आणि 'हे तो श्रींची इच्छा' या पाच कादंबऱ्या पुढे 'कादंबरीमय शिवकाल' या नावाने एकत्र आल्या. सुलतानी अमलातल्या काळोखापासून राज्याभिषेकाच्या स्वप्नापर्यंतचा हा प्रवास सामान्य रयतेच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. स्वराज्य म्हणजे काय, हे बारा वर्षांच्या मुलाला तहनाम्यांच्या यादीतून कळत नाही. पेरलेले पीक आपल्याच घरात येणार, आपल्या लेकीबाळींना कुणी उचलून नेणार नाही, एवढे सांगितले की लगेच कळते. गोनीदांनी नेमके तेच सांगितले.

ते इतिहाससंशोधक नव्हते आणि तसा आवही त्यांनी आणला नाही. दप्तरे चाळणाऱ्या पंडितांचे ऋण घेऊन ते लिहीत. परंतु त्यांचा स्वतःचा पुरावा निराळा होता. तो त्यांनी चालून मिळवलेला होता. एखाद्या गडावर ते एकदा जाऊन थांबत नसत. उन्हाळ्यात जात, भर पावसात जात, चांदण्यात जात. पाण्याची टाकी कुठे आहे, दरवाजा कशामुळे दिसत नाही, चढणाऱ्याच्या कुठल्या अंगावर तट येतो, वारा कुठून झोंबतो, हे सारे त्यांनी शरीराने जाणून घेतले. राजगडाची पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या त्यांच्या इतक्या परिचयाच्या की, घरातल्या खोल्यांबद्दल बोलावे तसे ते त्यांच्याबद्दल लिहीत. संजीवनी माचीच्या दुहेरी तटामधून जाताना शत्रूची काय गत झाली असती, हे ज्याने त्या अरुंद पोकळीत स्वतः उभे राहून पाहिले आहे, त्यालाच मुलांना नीट सांगता येते. 'दुर्गभ्रमणगाथा' आणि 'किल्ले' ही पुस्तके वाचताना ही जवळीक पानोपानी जाणवते. शेकडो तरुणांना त्यांनी गडांवर नेले, आणि त्यांची पुस्तके वाचून स्वतःहून गेलेल्यांची तर गणतीच नाही.

बाबासाहेब पुरंदरे त्यांचे समकालीन आणि याच वाटेवरचे प्रवासी. दोघांनी मिळून मराठी माणसाच्या मनातला शिवकाल घडवला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र दोघांच्या स्वभावात अंतर आहे. पुरंदऱ्यांच्या लेखनात शाहिराचा आवेश, तर गोनीदांच्या लेखनात वारकऱ्याची चाल. घटना मोठी असली तरी गोनीदा वाटेत थांबतात, एखाद्या झाडाचे नाव सांगतात, पाखराचा आवाज ऐकवतात, कुणा म्हातारीच्या हातची भाकरी खातात. अधीर वाचकाला हे कधी कधी लांबण वाटते. खरे सांगायचे तर काही ठिकाणी ती लांबण आहेही.

लेखनाच्या या विस्तारात मराठीच्या किती बोली त्यांनी हाताळल्या, ते पाहिले म्हणजे थक्क व्हायला होते. 'पूर्णामायची लेकरं' वऱ्हाडीत. 'शितू' आणि 'पडघवली' यांत कोकणातले बोलणे. 'पडघवली'मध्ये तर ओस पडत चाललेल्या गावाची कहाणी अंबूवहिनीच्या तोंडून येते आणि तिच्या बोलण्यातच ते गाव जिवंत राहते. 'जैत रे जैत'मध्ये कर्नाळ्याच्या परिसरातले ठाकर, त्यांचा लिंगोबाचा डोंगर आणि त्यावरची मधमाश्यांची पोळी. या कादंबरीवर जब्बार पटेल यांनी 1977 मध्ये चित्रपट काढला, तो हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतासह घरोघरी पोहोचला. 'आम्ही भगीरथाचे पुत्र' ही तर थेट भाक्रा-नांगल धरणाच्या उभारणीवरची कादंबरी. गड आणि संत यांत रमणाऱ्या लेखकाने स्वतंत्र भारताच्या सिमेंट-काँक्रीटमध्येही महाकाव्य शोधले. 'माचीवरला बुधा'मध्ये मुंबईला कंटाळलेला म्हातारा राजमाचीवर परत येतो आणि कुत्रा, खार, झाडे यांच्या संगतीत एकटा राहतो. त्यात म्हणण्यासारखे काही घडत नाही, तरी ती वाचून राजमाचीची वाट धरलेले गिर्यारोहक आजही भेटतात.

देहूच्या पंचक्रोशीशी गोनीदांचे नाते दोन पुस्तकांनी कायमचे जोडले आहे. पहिले 'तुका आकाशाएवढा'. ज्ञानेश्वरांवर 'मोगरा फुलला', समर्थांवर 'दास डोंगरी राहतो' आणि तुकोबांवर ही कादंबरी, अशी त्यांची संतचरित्रांची त्रयी आहे. तुकोबांच्या आयुष्यातील घटना महाराष्ट्राला ठाऊक आहेत: 1630 च्या सुमाराचा भीषण दुष्काळ, त्यात गेलेली पहिली पत्नी, बुडालेला व्यापार, इंद्रायणीत सोडून दिलेली कर्जखते आणि मग त्याच डोहात बुडवाव्या लागलेल्या अभंगांच्या वह्या. कथेकऱ्यांनी या घटना इतक्या वेळा सांगितल्या आहेत की, त्यांची धार बोथट होण्याचा धोका असतो. तळेगावात राहणाऱ्या लेखकाला ती भूमी रोज दिसत होती. भंडाऱ्याची चढण, माथ्यावरचा वारा, उन्हाळ्यात रोडावणारी इंद्रायणी. चमत्कारांच्या आधी माणूस पाहावा, भूक पाहावी, दुकानातला तोटा पाहावा, ही त्यांची रीत. आळंदीला ज्या तरुणाने ओवी शिकली त्यानेच उतारवयाकडे झुकताना देहूचा हा आकाशाएवढा वाणी रंगवला. एकाच नदीकाठाने त्याला दोन्ही दिले.

दुसरे पुस्तक 'पवनाकाठचा धोंडी', 1955 चे. तुंग किल्ल्याच्या हवालदारीचा वारसा सांगणारा धोंडी हा तिचा नायक. गडाची तोफ केव्हाच गप्प झालेली, राज्य गेलेले, हवालदारीला काही अर्थ उरलेला नाही. तरी वाडवडिलांनी राखलेला गड आपण राखायचा, हे त्याच्या रक्तात आहे. ही इतिहासाची कादंबरी नव्हे, आणि तरीही इतिहास गावकऱ्याच्या अंगात कसा उरतो, हे तिच्याइतके नेमके फार थोड्या पुस्तकांनी सांगितले. ती लिहिली तेव्हा पवनेचे खोरे मोकळे होते. नदीकाठी भाताची खाचरे होती, वाड्या होत्या, तुंगाकडे आणि तिकोन्याकडे जाणाऱ्या पायवाटा होत्या. पुढे पवना धरण बांधले गेले, 1972 मध्ये ते पूर्ण झाले आणि खोऱ्यातला मोठा भाग पाण्याखाली गेला. आज तुंग किल्ला तीन बाजूंनी जलाशयाने वेढल्यासारखा दिसतो. त्याच पाण्यावर पिंपरी-चिंचवड हे उद्योगनगर उभे आहे. रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललेले पवनेचे पाणी लाखो घरांच्या नळाला येते. ज्या जमिनीत ते साठले, तिथली शेते, वाटा आणि बोलणे कसे होते, हे जाणून घ्यायचे असेल तर सरकारी अहवालाआधी धोंडीची गोष्ट हाती घ्यावी. लेखकाला पुढचे दिसले होते असे नव्हे. तो फक्त वेळेत तिथे पायी जाऊन आला होता.

गोनीदांवर आक्षेपही घेतले गेले, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. त्यांची माणसे अतिशय निष्ठावंत, अतिशय सोशिक. विशेषतः त्यांच्या स्त्रिया त्यागाच्या ओझ्याखाली वाकलेल्या. जुन्याबद्दलचा जिव्हाळा क्वचित इतका दाटतो की, त्या जुन्या गावगाड्यातली जातीची उतरंड आणि दारिद्र्य त्याच्या आड जाते. साठोत्तरी दलित आणि ग्रामीण साहित्याने हेच गाव आतून, भाजलेल्या हातांनी लिहिले तेव्हा गोनीदांचे गाव काहींना चित्रातल्यासारखे वाटू लागले. शिवकालीन कादंबऱ्यांतली त्यांची घडवलेली जुनी मराठी आजच्या शाळकरी वाचकाला पहिल्या काही पानांवर अडवते, हेही खरे. पण जो वाचक ती पाने ओलांडतो, तो सहसा पुस्तक अर्ध्यावर ठेवत नाही. आणि ज्याच्यावर भूतकाळात रमल्याचा आरोप झाला, त्याने उपाशीपोटी हा मुलूख तुडवला होता, भिक्षेच्या अन्नावर दिवस काढले होते, हेही त्याच तराजूत घालायला हवे.

त्यांच्या आवडीनिवडीही लेखनाइतक्याच बहुविध होत्या. 'छंद माझे वेगळे' या नावाचे त्यांचे पुस्तकच आहे. कॅमेरा खांद्याला लावून ते गडांवर जात आणि बुरूज, तट, दरवाजे टिपून ठेवत. पुढे 'गोनीदांची दुर्गचित्रे' या पुस्तकातून ही छायाचित्रे वाचकांसमोर आली. तेव्हापासून कित्येक ठिकाणचा तट ढासळला, काही जागी डागडुजी होऊन मूळ रूप पालटले. छंद म्हणून काढलेली ही चित्रे म्हणूनच अभ्यासकांनाही आता मोलाची वाटावीत.

1981 मध्ये अकोल्याला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद गोनीदांना मिळाले. अकोला म्हणजे वऱ्हाड. ज्या मुलुखातून सातवीतला एक मुलगा शाळा सोडून पळाला होता, त्याच मुलुखाने पन्नासेक वर्षांनी त्याला सारस्वतांच्या मेळाव्यात मानाच्या खुर्चीवर बसवले. त्यांची पुस्तके तोवर शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत गेली होती आणि पदव्या घेतलेले विद्वान त्यांच्या लेखनावर प्रबंध लिहीत होते.

1 जून 1998 रोजी पुण्यात गोनीदांचे निधन झाले. त्यांच्या मागे कन्या डॉ. वीणा देव यांनी 'आशक मस्त फकीर' हे त्यांचे चरित्र लिहिले. वीणा देव आणि त्यांचे पती डॉ. विजय देव यांनी कुटुंबीयांसह गोनीदांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. नात, अभिनेत्री मृणाल कुलकर्णी याही त्यांत सहभागी असत. रंगमंचावर नेपथ्य नाही, वेशभूषा नाही; समोर कागद आणि आवाजाचे चढउतार एवढ्यावर प्रेक्षक खिळून बसत. गोष्ट ऐकण्यासाठी असते, हे गाडगेबाबांच्या कीर्तनातून उचललेले सूत्र असे घरातच पुढे चालत राहिले. विजय देव 2019 मध्ये आणि वीणा देव 2024 मध्ये गेल्या. गोनीदांच्या नावाने स्थापन झालेल्या दुर्गप्रेमी मंडळाने गडांच्या सान्निध्यात दुर्ग साहित्य संमेलने भरवली, त्यांत देव दाम्पत्याचा मोठा वाटा होता.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या यादीत राजगड आहे, रायगड आहे आणि तळेगावच्या शेजारचा लोहगडही आहे. पावसाळ्यातल्या रविवारी मळवली स्थानकावर उतरून भाजे गावामार्गे लोहगडाकडे निघालेल्या मुलांची आता रीघ लागते. त्यांतल्या काहींच्या पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि डब्याशेजारी 'दुर्गभ्रमणगाथा' असते. पावसाने तिची पाने फुगतात, वेष्टन सुटते, आणि घरी गेल्यावर कुणीतरी ती पंख्याखाली वाळत घालते.